पन्नाशीतल्या आईची नोंद कुठे आहे?

गावच्या उपकेंद्रात बाईची नोंद सगळ्यांत चोख असते ती तिच्या बाळंतपणाच्या काळात. कितवा महिना, हिमोग्लोबिन किती, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का, लोहाच्या गोळ्या घेते का, बाळंतपण कुठे होणार, हे सगळं आशाताईच्या वहीत असतं. मूल झालं की त्याच्या लशींच्या तारखा लिहिल्या जातात. दोन मुलांनंतर ऑपरेशन झालं की तेही लिहिलं जातं, आणि तिथे ती बाई वहीतून उतरते. महाराष्ट्रात हे ऑपरेशन पुष्कळदा तिशीच्या आतच होतं. पुढची तीस-पस्तीस वर्षं आरोग्यखात्याला तिच्याकडे विचारण्यासारखं फारसं काही उरत नाही. स्तनाचा कॅन्सर बहुतेक करून याच वर्षांत येतो.

‘आईची तपासणी करून घ्या’ हे वाक्य आता सगळीकडे ऐकू येतं. ऑक्टोबरात गुलाबी फिती लागतात, मे महिन्यात मदर्स डेची पॅकेजेस निघतात, महिला मंडळात एखाद्या डॉक्टरीणबाईंचं व्याख्यान होतं. अमेरिकेतली मुलगी सांगलीतल्या आईला फोनवर विचारते, ‘मॅमोग्राफी केलीस का?’ आई म्हणते, ‘मला काही होत नाही गं.’ दोघींच्या बोलण्यात काळजी आहे, पण ज्या प्रश्नांवर वैद्यकशास्त्र साठ वर्षं भांडत आलं आहे ते त्यात कुठेच नाहीत. कोणती तपासणी करायची? कोणत्या वयात? किती वर्षांनी? तीत काही सापडलं तर पुढे काय? या प्रश्नांची उत्तरं देशागणिक वेगळी आहेत आणि काळाप्रमाणे बदललेली आहेत. त्यांतलं आपल्या कामाचं एक उत्तर मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून आलं आहे, आणि आपल्याकडेच ते सर्वांत कमी बोललं जातं.

आधी आकडे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण निघाले आणि सुमारे ९८ हजार बायका त्याने गेल्या. जगभरात नवे रुग्ण २३ लाख, मृत्यू ६ लाख ७० हजार. जगात साधारण साडेतीन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू पडतो, आपल्याकडे दोनांमागे एक. त्या वर्षी गेलेल्या बायका त्याच वर्षी निदान झालेल्या नसतात हे खरं, त्यामुळे हा हिशेब ढोबळच आहे. पण दुसऱ्या बाजूने मोजलं तरी चित्र तेच दिसतं. २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्यांपैकी पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण अमेरिकेत ९० टक्के आणि भारतात ६६ टक्के होतं.

हा फरक कुठून येतो याचं बरंचसं उत्तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या ११ नोंदणी केंद्रांच्या अभ्यासात सापडतं. रोग स्तनापुरता असताना सापडलेल्यांपैकी ८१ टक्के बायका पाच वर्षांनी हयात होत्या. काखेतल्या गाठींपर्यंत गेल्यावर हे प्रमाण ६५ टक्क्यांवर आलं. हाडं, यकृत, फुप्फुसं अशा दूरच्या अवयवांत पोचल्यावर अवघं १८ टक्के. देश तोच, डॉक्टर तेच, औषधंही साधारण तीच. बाई कोणत्या टप्प्यावर दारात आली, एवढाच फरक.

असा हिशेब मांडता येतो तो नोंदणी केंद्रांमुळे, आणि त्या कामात महाराष्ट्र पहिल्यापासून पुढे आहे. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६० च्या दशकात सुरू झाली. पारशी बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त असल्याचं तिच्याच आकड्यांतून दिसलं. उशिरा लग्न, कमी मुलं, सुस्थिती, असा त्याचा अर्थ लावला गेला. आता पारशांबाहेरची मुंबई आणि पुणेही त्याच वाटेवर आहेत. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तिथलं स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण मुंबईपेक्षा बरंच कमी निघालं. बार्शीची आणखी एक हकिगत सांगायला हवी. खेड्यात दवाखान्याची कागदपत्रं मिळत नसल्याने नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरून लोकांशी बोलत, कॅन्सरची लक्षणं समजावत आणि कुणाला तसा त्रास आहे का ते विचारत. काही वर्षांनी तिथल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. तपासणीचा कार्यक्रम म्हणून तिथे काहीच नव्हतं. कुणीतरी दारात येऊन विचारत होतं, तेवढंच.

आईपणाचा आणि या रोगाचा संबंध जुना आहे. इटालियन वैद्य रामात्सिनी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं की मठातल्या जोगिणींना हा रोग जास्त होतो. २००२ मध्ये ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची एकत्रित मांडणी झाली. तीत दिसलं की प्रत्येक बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी कमी होतो, आणि अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे आणखी साधारण ४ टक्क्यांनी. हे कळलं की पुष्कळ आया निर्धास्त होतात. ‘तीन मुलं दोन-दोन वर्षं पाजली, मला कशाला होईल?’ धोका कमी होणं वेगळं आणि नसणं वेगळं. शिवाय बाळंतपणानंतर बरीच वर्षं धोका उलट थोडा वाढलेला असतो. तो साधारण पाचव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि नंतर ओसरतो, असं २०१९ च्या एका मोठ्या विश्लेषणात आढळलं. त्या वयात मुळात धोकाच लहान, त्यामुळे घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पण अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईच्या स्तनातली गाठ ‘दुधाचीच असणार’ असं धरून चालणं बरोबर नाही.

या पाजत्या आईबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण सगळ्यांत सोपी चूक इथेच होते. दूध साकळतं, स्तन लाल होतो, दुखतो, ताप येतो. शेक, मालिश, अँटिबायोटिक, की बरं वाटतं. शंभरातल्या नव्याण्णव वेळा हे असंच असतं. पण स्तनाच्या कॅन्सरचा एक आक्रमक प्रकार हुबेहूब असाच दिसतो. कातडी लाल, सुजलेली, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत. म्हणून नियम साधा आहे. औषधाने आठ-पंधरा दिवसांत लाली पूर्ण उतरली नाही किंवा गाठ विरघळली नाही, तर सोनोग्राफी करायची आणि गरज वाटली तर सुईने तुकडा काढून तपासायचा. त्यासाठी बाळाचं दूध तोडावं लागत नाही. मॅमोग्राफीही चालते, फक्त त्याआधी बाळाला पाजून स्तन रिकामे करायचे.

आता मूळ प्रश्नाकडे. गाठ नाही, दुखत नाही, काहीच तक्रार नाही, अशा धडधाकट बाईला बोलावून तपासावं का?

बर्लिनमधले शल्यविशारद आल्बर्ट सालोमन यांनी १९१३ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या स्तनांचे एक्स-रे घेऊन रोग त्यात दिसतो हे दाखवलं होतं. पण निरोगी बायकांना बोलावून तपासण्याचा पहिला मोठा प्रयोग १९६३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका विमा योजनेच्या सभासद बायकांवर झाला. चाळीस ते चौसष्ट वयाच्या सुमारे ६२ हजार बायका. निम्म्यांना दर वर्षी मॅमोग्राफी आणि डॉक्टरच्या हाताची तपासणी, निम्म्यांना नेहमीचे उपचार. बोलावलेल्यांमध्ये या रोगाचे मृत्यू लक्षणीय कमी झाले. यंत्र आणि हात दोन्ही वापरले होते, मात्र श्रेय पुढे यंत्रालाच मिळत गेलं. स्वीडनमधल्या चाचण्यांनी त्याला बळ दिलं आणि १९८८ मध्ये ब्रिटनने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तिथे पन्नाशीनंतर घरी पत्र येतं, एकाहत्तरीपर्यंत दर तीन वर्षांनी. लंडन-लेस्टरच्या मराठी बायकांनाही ते येतं, मागावं लागत नाही.

मग शंका आल्या. कॅनडात १९८० मध्ये सुमारे ९० हजार बायकांवर सुरू झालेल्या चाचणीचे पंचवीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. मॅमोग्राफी झालेल्या आणि न झालेल्या गटांत या रोगाच्या मृत्यूंमध्ये फरक नव्हता. पन्नाशीवरच्या बायकांमध्ये दोन्ही गटांची दर वर्षी हाताने नीट तपासणी होत होती, आणि एक्स-रेने त्यात भर पडली नाही. या चाचणीतल्या गटवाटणीवर बरेच आक्षेप घेतले गेले, वाद अजून मिटलेला नाही. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये सर मायकल मार्मट यांच्या समितीने सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि हिशेब स्पष्ट मांडला. पन्नाशीपासून वीस वर्षं दहा हजार बायकांना बोलावलं, तर ४३ मृत्यू टळतात आणि १२९ जणींना असा कॅन्सर सापडतो जो तपासला नसता तर आयुष्यभरात कधी वर आलाच नसता. त्या १२९ जणींवर शस्त्रक्रिया होते, किरणोपचार होतात. कोणती बाई ४३ मधली आणि कोणती १२९ मधली, हे त्या बाईला किंवा तिच्या डॉक्टरला कधीच कळत नाही.

समितीचा कौल कार्यक्रम चालू ठेवावा असाच होता, आणि मला तो पटतो. पण ‘तपासणीत नुकसान काय?’ असं म्हणणाऱ्याने हे आकडे एकदा वाचावेत. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २००९ मध्ये पन्नाशीपासून दोन वर्षांनी तपासा असं सांगितलं, २०२४ मध्ये सुरुवात चाळिशीवर आणली. फोनवरच्या त्या मुलीला तिच्या डॉक्टरने आज सांगितलेलं वय पाच वर्षांपूर्वी वेगळं होतं.

हे सारं आपल्याकडे जसंच्या तसं उचलता येत नाही, आणि पैसा हे त्याचं एकच कारण नाही. आपल्याकडच्या रुग्णांत तरुण बायकांचा वाटा मोठा आहे, मुख्यतः आपली लोकसंख्याच तरुण आहे म्हणून. तरुण स्तन एक्स-रेवर पांढरा, दाट दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे यंत्र चुकतं. दर लाख बायकांमागे रुग्ण पश्चिमेपेक्षा कमी, म्हणजे एक रुग्ण शोधायला जास्त बायका तपासाव्या लागणार आणि खोट्या शंकाही जास्त निघणार. ते फोटो वाचणारे तज्ज्ञ तालुक्याच्या गावी नाहीत. आणि आपल्याकडे येणाऱ्या गाठी इतक्या मोठ्या असतात की त्या शोधायला एक्स-रेची गरजच पडत नाही, हाताला लागतात.

मग स्वतःच्या हाताने तपासणं? ते फुकट आहे, सोपं आहे, कुठल्याही व्याख्यानात शिकवता येतं. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार कामगार बायकांपैकी निम्म्यांना ते पद्धतशीर शिकवून, उजळणी घेऊन सगळ्यांना दहा वर्षांहून अधिक काळ पाहिलं गेलं. २००२ चा निष्कर्ष असा की मृत्यूंमध्ये काही फरक पडला नाही, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. तेव्हापासून दर महिन्याला आरशासमोर पाच पायऱ्यांची कवायत करा असं जाणकार सांगत नाहीत. आपला स्तन एरवी कसा असतो ते ठाऊक असावं आणि बदल दिसला तर दाखवावा, एवढंच सांगतात.

या पार्श्वभूमीवर मुंबईतलं काम पाहायला हवं. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ बायकांना घेऊन एक चाचणी सुरू केली. वस्त्यांचे वीस गट पाडले. दहा गटांतल्या बायकांना कॅन्सरची माहिती एकदाच दिली. उरलेल्या दहांत दर दोन वर्षांनी, चार वेळा, हाताने स्तनांची तपासणी झाली आणि पुढेही दोन-दोन वर्षांनी पाठपुरावा होत राहिला. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. जेमतेम मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. बोटांची पेरं गोलाकार फिरवत, काखेपासून बोंडापर्यंत जागा न सोडता तपासायचं, शंका आली की टाटाला पाठवायचं.

वीस वर्षांच्या हिशेबानंतर निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्यांचं प्रमाण नुसती माहिती दिलेल्या गटात ४७ टक्के होतं, तपासलेल्या गटात ३७. मृत्यूंमध्ये १५ टक्के घट दिसली, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला ती पुरेशी ठाम ठरली नाही. वयाप्रमाणे फोड केल्यावर मात्र पन्नास आणि त्यावरच्या बायकांमध्ये घट जवळजवळ ३० टक्के निघाली आणि ती ठाम होती. पन्नाशीच्या आत विशेष फरक नव्हता. ही फोड नंतर केलेली, त्यामुळे संशोधनाच्या शिस्तीत तिचं वजन थोडं कमी धरावं लागतं. तरीही, वस्तीतल्या एका शिकवलेल्या बाईच्या दहा बोटांनी पन्नाशीवरच्या बायकांमधले इतके मृत्यू टळावेत ही साधी गोष्ट नाही. महागडी यंत्रं वापरणाऱ्या पाश्चात्त्य कार्यक्रमांच्या तोडीस तोड हा आकडा आहे.

याच प्रकल्पातला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा भाग आधी प्रसिद्ध झाला होता. व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याने त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्यावर नैतिक आक्षेपही आले. निम्म्या बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, हा प्रश्न अमेरिकेतून जोरात विचारला गेला, कारण पैसा तिथल्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचा होता. प्रश्न गैरलागू नव्हता. मला त्याहून बोचतं ते असं, की एवढ्या बायकांच्या सहभागातून जे हाती आलं त्याचं पुढे आपण काय केलं.

केलं ते असं. असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी तिशीपासून पासष्टीपर्यंतच्या प्रत्येक बाईची स्तनतपासणी दर पाच वर्षांनी करायची ठरवली. आशाताईने घरी जाऊन फॉर्म भरायचा. त्यात स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदललाय का, हे प्रश्न आहेतच. मग उपकेंद्रातल्या सिस्टरने तपासायचं. कागदावर योजना उत्तम आहे. पण मुंबईच्या चाचणीत अंतर होतं दोन वर्षांचं, इथे पाच. दोन वेळांच्या मध्ये रोग वाढून पुढच्या टप्प्यात पोचायला पाच वर्षं पुष्कळ होतात. चाचणीत फायदा दिसला पन्नाशीनंतर, कार्यक्रम पसरलाय तिशीपासून. सिस्टरकडे दिवस तेवढेच, आणि त्यांतही लसीकरण, बाळंतपणं, सर्वेक्षणं. तिने पस्तीस वर्षांच्या सगळ्या वयोगटावर हात फिरवायचा म्हटलं की कुणावरच नीट फिरत नाही. माझ्या मते पन्नास ते पासष्टच्या बायकांची दोन वर्षांनी चोख तपासणी आणि त्याखालच्यांसाठी ‘काही बदल दिसला तर लगेच या, थांबवणार नाही’ असा दरवाजा, हे जास्त शहाणपणाचं ठरेल. गर्भाशयमुखाच्या तपासणीचं गणित वेगळं आहे. ती तिशीपासूनच हवी, आणि दोन्ही एका फॉर्मवर आल्यानेच हा गोंधळ झाला असावा.

प्रत्यक्षात काय घडतं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना विचारलं गेलं, कॅन्सरसाठी स्तनतपासणी कधी झाली आहे का? देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्या होत्या ०.९ टक्के. शंभरात एकही नाही. त्याहून ध्यानात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रश्न एकोणपन्नासलाच थांबतो. या सर्वेक्षणात बायकांच्या मुलाखती होतात त्या पंधरा ते एकोणपन्नास या वयात, मूल होऊ शकतं त्या वयात. जिला तपासणीचा सर्वाधिक फायदा, ती बाई मोजणीतच नाही.

बायकांना कॅन्सरची भीती वाटत नाही असं मात्र नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीच्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं प्रकरण गाजलं. ‘पिशवीला कॅन्सर होईल’ असं घाबरवलं गेल्याच्या तक्रारी त्यात होत्या. भीती होती, कर्ज काढून ऑपरेशन करायची तयारीही होती. त्या भीतीला योग्य वाट दाखवणारं कुणी नव्हतं.

शहरात ही पोकळी बाजार भरून काढतो. पॅकेजमध्ये रक्ताची एक ‘कॅन्सर मार्कर’ चाचणी घातलेली असते, बहुधा सीए १५-३. रोग असलेल्या बाईचे उपचार पाहायला तिचा उपयोग होतो, निरोगी बाईत रोग शोधायला होत नाही. शरीराची उष्णता टिपणारे कॅमेरे शिबिरांत येतात. दुखत नाही, किरण नाहीत, कपडे उतरवून कुणी हात लावत नाही, म्हणून बायकांना आवडतातही. पण त्यांनी मृत्यू कमी होतात असा पुरावा नाही आणि मॅमोग्राफीला हा पर्याय नव्हे, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वेळोवेळी दिलेला आहे. एका दिवसाच्या शिबिराचा मुख्य दोष त्या दिवसात नसतो. मंडप उतरल्यावर शंका असलेल्या बाईला कुणी फोन करत नाही, यात असतो. शहरातल्या जिला परवडतं आणि जवळ चांगलं केंद्र आहे, तिने पन्नाशीनंतर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करायला हरकत नाही. चाळिशीत करायची तर फायद्या-तोट्याचा हिशेब डॉक्टरशी बोलून.

घराण्याबद्दल दोन शब्द. ‘आमच्यात कुणाला नाही’ हे समाधान फसवं आहे. ज्यांना हा रोग होतो त्यांतल्या बहुतेकींच्या घरात तो आधी कुणालाच नसतो. जनुकांतून सरळ आलेला रोग पाच ते दहा टक्केच. पण आई, मावशी, आत्या, बहीण यांपैकी कुणाला तरुणपणी झाला असेल, किंवा घरात अंडाशयाचा कॅन्सर असेल, तर मुलीसाठी वरचे सगळे नियम बदलतात. तिची तपासणी लवकर सुरू होते, अनेकदा एमआरआयने. म्हणून आईला कोणत्या वयात काय झालं होतं हे मुलीला ठाऊक असणं गरजेचं आहे. पुष्कळ घरांत ते ‘छातीचं काहीतरी ऑपरेशन’ एवढ्यावरच राहतं. १९९४ आणि १९९५ मध्ये ओळखलेल्या बीआरसीए या जनुकांतला दोष वडलांकडूनही येतो, तेव्हा आत्याची चौकशी मावशीइतकीच महत्त्वाची.

यातला सगळ्यांत अवघड भाग तपासणीनंतर सुरू होतो. गाठ लागली. ती दुखत नाही, म्हणून बाई थांबते. सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखत नाहीच. दुखणाऱ्या स्तनाचं कारण बरेचदा साधं असतं, पण आपल्याकडे न दुखणाऱ्या गोष्टीसाठी कामाचा खाडा करायची रीत नाही. मग मुलीची बारावी, मग सोयाबीनची काढणी, मग दिवाळी, मग सुनेचं बाळंतपण. नवऱ्याला सांगायला संकोच, मुलाला सांगायला त्याहून जास्त. अखेर ती तालुक्याच्या दवाखान्यात जाते. डॉक्टर पुरुष असतात, पडद्याआड दोन मिनिटं पाहतात. ‘गाठ काढून टाकू’ म्हणतात आणि काढतात. तो तुकडा कधी तपासायला जातो, कधी जात नाही. हे सगळ्यांत वाईट. आधी सुईने तुकडा घेऊन निदान व्हायला हवं, त्यावर दोन संप्रेरकांच्या आणि हर-टू या प्रथिनाच्या चाचण्या व्हायला हव्यात, मग शस्त्रक्रिया आधी की केमो आधी ते ठरायला हवं. आपल्याकडच्या साधारण तीस टक्के रुग्णांचा रोग या तिन्ही कसोट्यांना नकारात्मक असतो, आणि तिथे उपचारांचा क्रम फार महत्त्वाचा. उलट, सुई लावली की रोग पसरतो या समजापायी कित्येकजणी बायोप्सीच नाकारतात. तसं होत नाही, आणि हाताला लागणाऱ्या बहुतांश गाठी कॅन्सरच्या नसतातच. तरुण मुलींत तर बहुधा फायब्रोअॅडिनोमा ही साधी गाठ निघते.

जागतिक आरोग्य संघटनेने या रोगासाठी तीन उद्दिष्टं ठेवली आहेत. निदान होणाऱ्यांपैकी किमान ६० टक्के पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडाव्यात. बाई पहिल्यांदा दाखवायला आली त्या दिवसापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं. ८० टक्क्यांनी उपचार पुरा करावा. यांत मॅमोग्राफीचं नाव नाही, हे मुद्दाम पाहण्यासारखं आहे. आपल्याकडे मधल्या उद्दिष्टावर सगळं अडतं. एका गावाहून सोनोग्राफीला तालुका, बायोप्सीला जिल्हा, रिपोर्टला पुन्हा जिल्हा, पुढच्या चाचण्यांना पुणे, मुंबई किंवा नागपूर. प्रत्येक खेपेला एक सोबतीण, एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार बसतात. निदान होईपर्यंतचा खर्च मात्र बहुधा घरच्याच खिशातून जातो, आणि पुष्कळजणी तिथेच गळतात. परळला पोचलेल्या बायका निदान पोचल्या तरी आहेत. त्यांच्यासाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, डब्याची सोय करणारी माणसं आहेत.

गळती थांबवायला फार मोठं काही लागत नाही. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये आठवड्यातला एक ठरलेला दिवस, बाई डॉक्टर, आतून कडी लागणारी खोली, आणि हाताची तपासणी, सोनोग्राफी व सुईची बायोप्सी एकाच फेरीत. रिपोर्ट तिच्या गावच्या सिस्टरकडे जाईल आणि पुढची तारीख तिला घरी कळेल. ज्या सिस्टरने तिला पाठवलं, तिच्या महिन्याच्या अहवालात ‘किती तपासल्या’ या रकान्याशेजारी ‘किती जणींचं निदान साठ दिवसांत झालं’ असा आणखी एक रकाना हवा.